रिलेच्या कॉइलला कोणता डायोड? नव्याने शिकणाऱ्यांसाठी सविस्तर

सांगली जिल्ह्यात मोटर दुरुस्तीची माहिती नवी नाही. पंपांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी वसली १९१० साली, आणि आजही वाइंडिंग करणारा कसबी कारागीर प्रत्येक मोठ्या गावात सापडतो. पण गेल्या काही वर्षांत विहिरीवरच्या पेटीत मोटर-स्टार्टरच्या जोडीला एक छोटा बोर्ड येऊन बसलाय. मोबाईलवरून मोटर चालू करणारा, ठिबकचे व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडणारा, टाकी भरली की पंप थांबवणारा. तासगावच्या द्राक्षबागेत असो की पलूसच्या उसात, हा बोर्ड बिघडला की शेतकऱ्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "बोर्ड गेला, नवा टाका."

असे बोर्ड उघडून बघा. कितीतरी वेळा आत रिले चालू-बंद करणारा एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो, बाकी सगळं ठणठणीत. ट्रान्झिस्टर का गेला हे शोधत गेलं की रिलेच्या, म्हणजे चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या, कॉइलपाशी येऊन थांबावं लागतं. तिथे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसतो, किंवा उलटा बसलेला असतो, किंवा दुसऱ्याच जातीचा असतो. रुपया-दोन रुपयांच्या वस्तूसाठी अख्खा बोर्ड फेकला जातो, हे मला पटत नाही. म्हणून आयटीआयची पोरं, हौशी मंडळी आणि स्वतःची पेटी स्वतः उघडणारे शेतकरी यांच्यासाठी हे लिहितोय. हातात साधा मल्टिमीटर असला की पुरे.

आधी एवढं समजून घ्या

कॉइलमधून करंट वाहत असताना तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यात ऊर्जा साठते. स्विच (बोर्डावर हे काम ट्रान्झिस्टर करतो) उघडला तरी तो करंट एका क्षणात शून्य व्हायला तयार नसतो. चालू पाइपलाइनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला की पाण्याचा दणका बसून पाइप हादरतो, कधी सांधाही सुटतो, तसंच इथे होतं. करंट जितक्या झटक्यात तोडाल तितका कॉइलच्या टोकांवर उलट्या दिशेचा व्होल्टेज उसळतो. लांब तारेची जोडणी तोडताना मोठी ठिणगी पडते, हे जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३२ साली लिहून ठेवलं होतं. तोच हा प्रकार.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि शिकणाऱ्याने एकदा बघावंच. १२ व्होल्टचा रिले घ्या, कॉइलला समांतर एक निऑन इंडिकेटर दिवा जोडा. निऑन पेटायला साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात, १२ व्होल्टवर तो पेटणं शक्यच नाही. आता खोलीत अंधार करा, कॉइलला बॅटरी लावा आणि झटकन काढा. तार सुटते त्या क्षणी दिवा नारिंगी चमकून जातो. बॅटरी १२ व्होल्टची, आणि कॉइलच्या टोकांवर शंभराच्या घरात किंवा त्याहून जास्त! बोर्डावरचा बीसी५४७ ट्रान्झिस्टर ४५ व्होल्टपर्यंतच सोसतो. तो का जातो हे आता वेगळं सांगायला नको. प्रयोग करताना कॉइलच्या उघड्या टोकांना बोट लावू नका, झटका बसतो.

डायोड इथे करतो काय, तर या करंटला फिरायला वाट देतो. स्विच उघडला की कॉइलचा करंट डायोडमधून गोल फिरतो आणि कॉइलच्याच रेझिस्टन्समध्ये काही मिलिसेकंदांत विरून जातो. व्होल्टेज उसळतच नाही, सप्लायच्या वर फार तर एक व्होल्ट जातो.

पहिली पायरी: कॉइल एसी आहे की डीसी?

डायोडचा नंबर नंतर. आधी कॉइलवर काय छापलंय ते वाचा.

डीसी असेल तर डायोड चालतो. एसी कॉइलला मात्र डायोड कधीही लावायचा नाही. एसीच्या एका अर्ध्या सायकलमध्ये तो सरळ शॉर्ट होतो. फ्यूज उडतो, नाहीतर डायोडच फुटतो. शेतातल्या थ्री फेज स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटर जोडणाऱ्या मोठ्या रिलेची, कॉइल बहुधा ४१५ व्होल्ट एसी असते, सिंगल फेजवर २३० किंवा २४०. ठिबकचे बरेच व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीवर चालतात आणि दिसायला अगदी डीसी व्हॉल्व्हसारखेच असतात. लेबल पुसलं असेल तर ट्रान्सफॉर्मर किंवा ॲडॉप्टरवर आउटपुट काय लिहिलंय ते बघा.

एसी कॉइलसाठी दोन पर्याय. एक, १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ जातीचा (मेन लाइनसाठीचा) कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून ती जोडी कॉइलच्या दोन टोकांवर लावायची. ही २३० व्होल्टच्या कॉइलसाठी; ४१५ वर एक्स-२ कपॅसिटर पुरत नाही. कॉन्टॅक्टवर, म्हणजे स्विचच्या उघडझाप करणाऱ्या टोकांवर, ही जोडी लावू नका. कॉन्टॅक्ट उघडा असतानाही २३० व्होल्टवर त्या कपॅसिटरमधून सात-एक मिलिअँपिअर झिरपत राहतात, आणि लहान रिले तेवढ्यावर चिकटून बसतो, सुटतच नाही. दुसरा पर्याय एमओव्ही, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की त्याला वाट देणारी, निळ्या किंवा पिवळ्या बटणासारखी चकती. तिच्यावरच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे महत्त्वाचे: ४३१ म्हणजे ४३० व्होल्टची, सतत २७५ व्होल्ट एसी सोसणारी. शहरात २३० च्या लाइनवर ती चालेल. पण आपल्याकडे रात्रीच्या पाळीत लोड कमी झाला की व्होल्टेज बरंच चढतं, तिथे ५६१ लावा. ती ३५० व्होल्टपर्यंत सोसते. ४१५ च्या कॉइलला ८२१, म्हणजे ५१० व्होल्ट एसीची.

४१५ व्होल्टच्या पेटीत हात घालणं हे वायरमनचं काम आहे. मेन स्विच पाडून, मीटरने तिन्ही फेज तपासून मगच. बोर्डाची सवय असलेल्या माणसाला ही सवय असेलच असं नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

इथून पुढे सगळं डीसी कॉइलबद्दल.

दुसरी पायरी: कॉइल किती करंट घेते?

मीटर ओहमवर ठेवून सुट्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा आणि सप्लायच्या व्होल्टला त्याने भागा. बोर्डावरचा नेहमीचा निळा किंवा काळा चौकोनी १२ व्होल्टचा रिले साधारण ४०० ओहम दाखवतो. १२ भागिले ४००, म्हणजे ३० मिलिअँपिअर. तसाच ५ व्होल्टचा रिले ७० ओहमच्या आसपास, म्हणजे सत्तर-एक मिलिअँपिअर. ट्रॅक्टरमधला १२ व्होल्टचा चार-पाच पायांचा रिले ८५-९० ओहम, म्हणजे दीडशे मिलिअँपिअरच्या जवळपास. २४ व्होल्ट डीसीचा १० वॅटचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ०.४ अँपिअरच्या थोडा वर.

स्विच उघडताना कॉइलमधून जेवढा करंट वाहत होता तेवढाच डायोडमधून सुरू होतो आणि कमी होत जातो. त्याहून जास्त कधीच नाही. म्हणजे १ अँपिअरचा डायोड वर सांगितलेल्या सगळ्या कॉइलना आरामात पुरतो.

तिसरी पायरी: व्होल्ट किती हवेत?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "कॉइल दोनशे-तीनशे व्होल्टचा दणका देते, मग हजार व्होल्टचाच डायोड पाहिजे," असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. ते चूक आहे. डायोड जागेवर असला की तो दणका तयारच होत नाही, त्या वेळी डायोड सरळ दिशेने चालू असतो. डायोडवर उलटा व्होल्टेज येतो तो कॉइल चालू असताना, आणि तो असतो फक्त सप्लायएवढा. १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये १२. त्याच्या दुप्पट-तिप्पट रेटिंग घेतलं की झालं. ट्रॅक्टरमध्ये थोडं आणखी वर जा, कारण तिथे ऑल्टरनेटरमुळे लाइनवर धक्के येत असतात.

मग सगळे १एन४००७ का लावतात? कारण तो सगळीकडे मिळतो आणि १००० व्होल्टचा असूनही १एन४००१ एवढ्याच किमतीत येतो. लावायला काहीच हरकत नाही, मीही तोच लावतो. पण खोक्यात १एन४००२ पडलेला असेल आणि रिले १२ व्होल्टचा असेल, तर पाऊस अंगावर घेत सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुकानापर्यंत जायची गरज नाही.

चौथी पायरी: किती वेगाने चालू-बंद होतंय?

दिवसातून चार वेळा पडणाऱ्या रिलेला संथ डायोड चालतो. १एन४००७ "स्लो" आहे म्हणून रिलेला नको, असंही काही जण सांगतात. तो संथ आहे हे खरं, पण बंद होताना; चालू होताना तो पुरेसा चपळ असतो, आणि रिलेला फक्त तेवढंच लागतं.

जिथे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं तिथे गोष्ट वेगळी. बॅटरीवरच्या फवारणी पंपाला वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर लावतात, ते उत्तम उदाहरण. १२ व्होल्टची मोटर दोन-चार अँपिअर खेचते आणि पीडब्ल्यूएमने, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवायच्या पद्धतीने, सतत तोडली-जोडली जाते. डायोडमधून करंट वाहत असतानाच मॉस्फेट (मोटर चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) पुन्हा चालू होतो. १एन४००७ तेवढ्या वेळात बंद होऊ शकत नाही, क्षणभर सप्लाय शॉर्ट होतो, मग डायोडही तापतो आणि मॉस्फेटही. इथे शॉटकी, म्हणजे झटकन बंद होणारा, डायोड हवा: १एन५८२२ हा ३ अँपिअर, ४० व्होल्टचा. मोटर मोठी असेल तर एसआर५६०, म्हणजे ५ अँपिअर, ६० व्होल्ट. नोझल तुंबून मोटर अडली की करंट भराभर वाढतो, म्हणून मी सरळ एसआर५६० च बसवतो.

पाचवी पायरी: हातातला डायोड नेमका कोणता?

एका टोकाला पट्टी असते, ती बाजू म्हणजे कॅथोड. काळ्या डायोडवर पट्टी चंदेरी किंवा पांढरी, काचेच्या डायोडवर काळी. नंबर अंगावर छापलेला असतो, पण फार बारीक. मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचा.

नेहमी भेटणारे ओळखून ठेवा. १एन४००१ ते १एन४००७ सगळे १ अँपिअरचे, व्होल्ट अनुक्रमे ५०, १००, २००, ४००, ६००, ८०० आणि १०००. शरीर काळं, पाचेक मिलिमीटर लांब. १एन५४०० ते १एन५४०८ हे ३ अँपिअरचे, चांगले जाडजूड, पायही जाड. यूएफ४००७ आणि एफआर१०७ हे १एन४००७ चे चपळ भाऊ, १एन५८१९ हा १ अँपिअर ४० व्होल्टचा शॉटकी, आणि हे तिघेही दिसायला हुबेहूब १एन४००७ सारखेच. त्यामुळे नंबर न वाचता आकारावरून ठरवू नका. पायांशिवायच्या चपट्या डायोडवर एम७ लिहिलेलं असेल तर तो १एन४००७ च, एसएस१४ लिहिलेलं असेल तर १ अँपिअर ४० व्होल्टचा शॉटकी, एसएस३४ म्हणजे ३ अँपिअरचा. जुना सीएफएल दिवा फोडण्याआधी त्याचा बोर्ड काढून ठेवा, बहुतेकांत १एन४००७ चे चार नग मिळतात.

आता खरा धोका. नारिंगी काचेचा, काळ्या पट्टीचा छोटा डायोड हा १एन४१४८ असू शकतो: १०० व्होल्टचा, साधारण दीडशे-दोनशे मिलिअँपिअरचा. लहान रिलेला तो छान चालतो. पण बरेच झेनरही, म्हणजे ठरावीक व्होल्टला उलट्या दिशेनेही वाट देणारे डायोड, नेमके तसेच दिसतात, तेच काचेचं अंग, तीच पट्टी. समजा ५.१ व्होल्टचा झेनर चुकून १२ व्होल्टच्या रिलेवर बसला. रिले चालू झाला की झेनरवर उलट्या दिशेने १२ व्होल्ट येणार, तो ५.१ लाच मोकळा होणार, आणि ट्रान्झिस्टर धूर काढणार. दुरुस्त केलेल्या बोर्डावर दुसऱ्याच दिवशी ट्रान्झिस्टर पुन्हा गेला तर आधी हे तपासा. अंगावर ४१४८ दोन-तीन ओळींत तोडून छापलेलं दिसलं तर ठीक; ५व्ही१, १२व्ही किंवा सी१२ असं काही दिसलं तर तो झेनर.

छापच दिसत नसेल तर मीटर घ्या. डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल काडी पट्टी नसलेल्या बाजूला, काळी पट्टीच्या बाजूला. साधा सिलिकॉन डायोड ०.५ ते ०.७ दाखवतो, शॉटकी ०.१५ ते ०.३ च्या दरम्यान. काड्या उलट केल्या की ओएल किंवा नुसता १, म्हणजे वाट बंद, असं यायला हवं. दोन्हीकडून शून्य आलं तर शॉर्ट, दोन्हीकडून ओएल आलं तर तुटलेला. बोर्डावर बसलेला डायोड मात्र असा मोजता येत नाही, कारण शेजारी कॉइल आहे आणि मीटर तिचाच रेझिस्टन्स मोजत बसतो. दोन्ही दिशांना सारखाच आकडा येईल आणि चांगला डायोड तुम्ही कचऱ्यात टाकाल. एक पाय सोल्डर काढून उचला, मग मोजा.

झेनर आणि साधा डायोड या मापात सारखेच दिसतात, दोघेही ०.७ च्या आसपास. त्यांना वेगळं करायला २४ व्होल्ट डीसीचा ॲडॉप्टर आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घ्या. प्लसकडून रेझिस्टर, रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला डायोडची पट्टीची बाजू, उरलेलं टोक मायनसला. आता डायोडच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. पूर्ण २४ दिसले तर तो साधा डायोड आहे, किंवा २४ च्या वरचा झेनर. ५.१, ९.१, १२ असा अधलामधला आकडा आला तर तोच त्या झेनरचा व्होल्टेज. ०.७ आला तर डायोड उलटा धरलाय.

सहावी पायरी: बसवणं

पट्टी कॉइलच्या प्लसकडे. एवढं पाठ करा. दुसरं टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायाला जोडलेल्या बाजूला. उलटा बसला तर सप्लाय डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून सरळ शॉर्ट.

ट्रॅक्टर-जीपमधल्या रिलेवर ८५ आणि ८६ हे कॉइलचे पाय. काही रिलेंच्या आतच डायोड असतो आणि अंगावरच्या आकृतीत तो काढलेला दिसतो. अशा रिलेत ८६ ला प्लस द्यायचा. साध्या रिलेच्या जागी असा रिले टाकल्यावर फ्यूज उडायला लागला, तर वायरिंग ८५ ला प्लस देतंय का ते बघा. बोर्डावर यूएलएन२००३ ही रिले चालवणारी आयसी असेल तर डायोड तिच्या आतच असतात, फक्त तिचा ९ नंबरचा पाय रिलेच्या प्लसला जोडलेला हवा. तो मोकळा सोडलेले बोर्ड मी पाहिलेत.

व्हॉल्व्ह बागेत दूर असेल तर डायोड कुठे? बोर्डाच्या आउटपुटवर नक्की लावा, कारण ट्रान्झिस्टर तिथे आहे. शक्य असेल तर आणखी एक व्हॉल्व्हपाशी लावा, म्हणजे तो उसळणारा करंट लांब तारेतून फिरत नाही आणि शेजारच्या सेन्सरच्या तारांना त्रास होत नाही.

साध्या डायोडची एक किंमत मोजावी लागते: रिले सावकाश सुटतो. करंट हळूहळू विरत असल्यामुळे सुटायला कित्येक पट वेळ लागतो, कॉन्टॅक्ट रेंगाळत उघडतात आणि त्यांच्यात ठिणगी जास्त वेळ टिकते. रिलेवर नुसता इंडिकेटर किंवा कॉन्टॅक्टरची कॉइल असेल तर फरक पडत नाही. पण रिलेच्याच कॉन्टॅक्टवर थेट मोटर चालत असेल आणि ते सारखे जळत असतील, तर डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा १ वॅटचा झेनर उलट तोंडाने जोडा, म्हणजे दोघांच्या पट्ट्या एकमेकांकडे. बेरीज मात्र करून बघा: सप्लाय १२, झेनर २४, डायोड ०.७, म्हणजे ट्रान्झिस्टरवर जवळपास ३७ व्होल्ट. चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.४ वर असली तर ३९. बीसी५४७ ची हद्द ४५, चालून जाईल. ३० व्होल्टचा ट्रान्झिस्टर असेल तर नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या लॅचिंग व्हॉल्व्हला हे काहीच लागू होत नाही. त्यात उघडायला एका दिशेने आणि बंद करायला उलट्या दिशेने पल्स दिली जाते, म्हणून नुसता डायोड एका दिशेला शॉर्ट होईल. तिथे एच-ब्रिजच्या (करंटची दिशा उलटवणाऱ्या चार ट्रान्झिस्टरच्या जोडणीच्या) चारही बाजूंचे डायोड, नाहीतर दोन्ही दिशांनी चालणारा टीव्हीएस, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज शोषून घेणारा, डायोड लावतात. १२ व्होल्टच्या पल्सला पी६केई१८सीए चालतो. शेवटचं "सीए" वाचूनच घ्या, नुसता "ए" असेल तर तो एकाच दिशेचा.

सोल्डर झाल्यावर पहिल्यांदा सप्लाय थेट बॅटरीने देऊ नका. सिरीजमध्ये १२ व्होल्टचा, दुचाकीच्या इंडिकेटरचा दिवा लावून द्या. रिले खटकन ओढला गेला आणि दिवा विझलेला किंवा जेमतेम मिणमिणता राहिला, तर जोडणी बरोबर. रिले ओढायच्या क्षणी दिवा भगभगून पेटला, तर डायोड उलटा आहे किंवा शॉर्ट आहे, लगेच काढा. दिवा ठीक असेल तर तो काढून सप्लाय थेट द्या, दहा-वीस वेळा चालू-बंद करा आणि निऑन दिवा पुन्हा कॉइलवर धरून अंधारात बघा. आता तो चमकायला नको.